दगडाच्या कामाचे बूट : पाणलोट प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

आज शिवारफेरी झाली. अकोले तालुक्याचं पश्चिम टोक, भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाचं शिवार. माथ्याला काळ्या बेसॉल्टचा कडा, त्याखाली घसारा (सुट्या दगडांचा उतार), मग मुरमाड उतार आणि तळाशी भातखाचरं. पावसाळ्याआधी उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), ओघळींत सुट्या दगडांचे बांध आणि एका जुन्या झऱ्याची डागडुजी करायची आहे. चर ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल. दगड जागेवरचाच. म्हणजे गोटे शोधायचे, पहारीने सोडवायचे, हातोहात ओघळीपर्यंत आणायचे आणि रचायचे. आठ-आठ तास हेच.

चालताना मी सगळ्यांचे पाय बघत होते. बायका प्लॅस्टिकच्या चपलांत, काही अनवाणी. गडी बहुतेक टायरच्या चपलांत. टायरच्या चपलेला मी कमी लेखत नाही. बोरीचा काटा तिच्यातून सहसा वर येत नाही, ती वर्षानुवर्षं झिजत नाही आणि तुटली तर दोन खिळ्यांत पुन्हा उभी राहते. पण बोटं उघडी राहतात, आणि दगडाच्या कामात मार बसतो तो बोटांनाच. अंगठ्याचं नख गेलेली, करंगळी वाकडी झालेली किती माणसं आज एका फेरीत दिसली.

अंदाजपत्रकात टिकाव, फावडी, पहारी, घमेली, दोरी, चुना हे सगळं आहे. पायांसाठी रकाना नाही. तो घालून पाठवला. सर्वेक्षणाच्या चौघांना बूट आणि मजुरांना नाही, असं या प्रकल्पात होणार नाही, हे कार्यालयात आधीच सांगून ठेवलं आहे.

१४ जानेवारी

संक्रांत, काम बंद. बसून हिशेब केला.

पोलादी टोपीच्या बुटांना भारतीय मानक आयएस १५२९८ लागू होतं. त्याचा दुसरा भाग सुरक्षा बुटांचा: बोटांवरच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. तिसऱ्या भागातल्या बुटांची टोपी १०० ज्यूलची, आणि चौथ्या भागातल्या बुटांना टोपीची सक्तीच नाही. दुकानात तिन्हींना सरसकट ‘सेफ्टी शूज’ म्हणतात, म्हणून पावतीवर भाग क्रमांक लिहून घ्यायचा.

२०० ज्यूल म्हणजे किती? साधारण २० किलोचा दगड एक मीटरवरून पडला तर तेवढा आघात होतो. आपला बेसॉल्ट घनमीटरला तीन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे २० किलोचा गोटा एका बाजूने जेमतेम १९ सेंटिमीटर. बांधात आम्ही याच आकाराचे दगड सगळ्यात जास्त वापरतो, आणि माणूस दगड धरतो तो कंबरेच्या उंचीवर. मानकातला आकडा आणि आमचं काम इतकं जुळेल असं वाटलं नव्हतं. १०० ज्यूलची टोपी आमच्या दगडाला अपुरी. हा प्रश्न इथे मिटला.

२० जानेवारी

शाळेच्या ओट्यावर पायांची मापं घेतली, काम सुटल्यावर संध्याकाळी. दिवसभर उभं राहून, चालून पाय फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारनंतर आवळतो, म्हणून माप संध्याकाळचंच घ्यावं. कागदावर दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं करायचं, पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायची. लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत (ते दर वेळी अंगठाच असेल असं नाही), रुंदी चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा पाय धरायचा.

आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. चवडा रुंद, बोटं फाकलेली, टाच मात्र अरुंद. जन्मभर अनवाणी किंवा उघड्या चपलेत चाललेला पाय असाच घडतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय यंत्राने मोजले, आणि भारतीय पाय युरोपी व अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. आपल्याकडे बुटावर छापतात तो नंबर ब्रिटिश पद्धतीचा. एका नंबराला एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांबी वाढते. रुंदीबद्दल तो नंबर काहीच सांगत नाही, आणि आमचं अडणार आहे ते रुंदीशी.

बायकांच्या मापात आणखी एक गोष्ट ध्यानात आली: जोडवी. ती कुणीच काढणार नाही आणि कुणी काढावी असं मीही म्हणणार नाही. मग माप जोडव्यांसकट घेतलं. बोटाच्या वरची उंचीही पट्टीने टिपली, कारण टोपी कमी उंचीची असेल तर जोडवं मासात रुतणार.

तुकडीतल्या थोरल्या मावशी पाय कागदावर ठेवून म्हणाल्या, “ताई, बूट घालू, पन पायाला भुई कळाया पायजे. भुई न कळता दगूड घेऊन उतरलं का मानूस पडतंय.”

हे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. तळ जितका जाड आणि ताठ, तितकी पायाखालची खबर कमी. ज्यांनी आयुष्यभर तळव्याने वाट ओळखली, त्यांना एका दिवसात फळीवर उभं करणं धोक्याचं आहे. बूट निवडताना आघाताइतकंच महत्त्व याला द्यायचं.

२७ जानेवारी

नाशिकला जाऊन औद्योगिक सामानाची दुकानं पाहिली. पुढे नोंदवलेलं सगळं हाताळून पाहिलेलं आहे.

पहिली परीक्षा टोपीच्या रुंदीची. चामडं पंधरा दिवसांत पायाप्रमाणे सैल होतं, मोची फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) चढवून आणखी थोडं ताणून देतो. टोपी कधीच ताणत नाही, पोलादाची असो वा फायबरची. टोपी पहिल्या दिवशी बोटांना लागली तर शेवटच्या दिवशीही लागणार. म्हणून आतलं पातळ तळ बाहेर काढायचं, त्यावर पाय ठेवायचा आणि चवडा कडेबाहेर जातो का पाहायचं. बुटात पाय घालून उभं राहण्याआधी एवढ्यावरच निम्मे नमुने बाद झाले.

दुसरी परीक्षा उकिडवं बसून. दुकानात कुणीच ती करत नाही. उकिडवं बसलं की बूट चवड्यावर दुमडतो आणि टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला दाबते. आमच्या बायका दगड उकिडव्या बसूनच उचलतात, दिवसातून शंभरदा. चांगल्या बुटात त्या कडेवर मऊ पट्टी असते, स्वस्तात नसते. बोटाने आत चाचपलं की कळतं.

लहान मापांची मोठी अडचण आहे. मावशींना तीन-चार नंबर लागतात, पण बऱ्याच नमुन्यांची सुरुवात पाच किंवा सहापासून. एका दुकानदाराने भला सल्ला म्हणून सांगितलं की दोन जोड मोजे घालू द्या. ते चालणार नाही. बूट जिथे दुमडतो ती रेघ चवड्याच्या सांध्याखालीच यायला हवी. मोठ्या बुटात ती पुढे सरकते, टाच मागे उचलली जाते, आणि उतारावर अख्खा पाय आत घसरून बोटं टोपीवर आदळतात. बायकांना मोठा बूट देणं म्हणजे त्यांना चपलेपेक्षा वाईट काहीतरी देणं. लहान मापं मागणीप्रमाणे बनवून देणारा पुरवठादार मिळाला, वेळ जास्त लागेल. थांबू.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) तळाचा जोड हजाराच्या आतबाहेर, रबरी तळाचा आणि पाणी अडवणाऱ्या चामड्याचा अडीच हजारांच्या पुढे. दोन्हींचे नमुने घेतले.

३० जानेवारी

गोदामात आधीच्या एका कामातले न वापरलेले जोड खोक्यात होते. वरून कोरे. अंगठ्याने दाबताच तळाचा भुगा हातात आला.

पीयूचं असंच होतं. हवेतल्या दमटपणाने त्याची साखळी आतून तुटत जाते, बूट घातला काय किंवा कपाटात ठेवला काय. पॉलिएस्टर प्रकारचं पीयू लवकर जातं, पॉलिईथर प्रकारचं जास्त टिकतं, पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आमच्या भागात चार महिने भिंतींनाही ओल येते. म्हणून साठा करायचा नाही, आणि घेताना निर्मितीचा महिना व वर्ष पाहायचं. मानकाप्रमाणे निर्मितीचा काळ बुटावर असावाच लागतो, बहुधा तळावर, बाण असलेल्या छोट्या वर्तुळात.

१० फेब्रुवारी

नमुन्यांची उतारावर परीक्षा. घसाऱ्यावरून खाली, ओघळीतून वर, हातात दगड घेऊन आणि रिकाम्या हाताने. आमच्याबरोबर मुकादम, थोरल्या मावशी, दोन तरुण गडी आणि सर्वेक्षक.

स्वस्त पीयूचा जोड सपाटीवर सुखाचा. घसाऱ्यावर मात्र त्याच्या तळाचे उंचवटे इतके उथळ की सुटा मुरूम त्याखाली गोळ्यांसारखा फिरतो. मुकादम दोनदा बसले. वाळलेल्या गवतावर तर तो अजिबात धरत नाही, आणि फेब्रुवारीत आमचा निम्मा उतार वाळलेल्या गवताचा असतो.

रबरी तळाचा जोड वजनाला जास्त, पण चार-पाच मिलिमीटर खोल खाचा आणि टाचेला नीट कड. उतरताना टाच मुरमात रोवता येते. ही टाचेची कड लोक पाहत नाहीत. सपाट, लाटेसारखा तळ दुकानात आरामदायी वाटतो, पण उतारावर थांबायला त्यात काहीच नसतं.

आजच्या खोल खाचांच्या रबरी तळामागे एक दुर्घटना आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक थंडीवाऱ्यात सापडून गेले. त्यांच्या मोहिमेतले विताले ब्रामानी वाचले. त्या काळी खडकावर चढायला एक आणि बर्फात चालायला खिळे मारलेले जड बूट, असे वेगवेगळे जोड लागत. दोन्हीकडे चालेल असा तळ ब्रामानींनी शोधायला घेतला आणि १९३७ मध्ये टायरच्या रबराच्या उद्योगातल्या पिरेल्लींच्या मदतीने तो बाजारात आला. तोच व्हिब्राम तळ. १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेच्या पायांत तो होता. टायरचं रबर पायाखाली घ्यावं हे आमच्या गड्यांनाही ठाऊक आहे. खाचांची रचना तेवढी त्यांच्या चपलेत नाही.

काटा-खिळा आरपार येऊ नये म्हणून तळाच्या आत जी मधली पट्टी घालतात, तिच्यावर बराच वेळ गेला. पोलादी पट्टी असलेला बूट मावशींनी घातला आणि दहा पावलांत काढला: “फळी बांधल्यावानी.” विणलेल्या कापडी पट्टीचा बूट वाकतो, कडेपर्यंत पूर्ण तळवा झाकतो आणि वजनालाही हलका. जुन्या मानकाची चाचणी साडेचार मिलिमीटरच्या खिळ्याने ११०० न्यूटन जोर लावून होते. बारीक टोकाचा खिळा कापडी पट्टीच्या धाग्यांतून वाट काढू शकतो, म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात जाड आणि बारीक खिळ्याच्या चाचण्या वेगळ्या केल्या आहेत. इमारतीच्या बांधकामावर, जिथे पाट्यांतून खिळे वर आलेले असतात, तिथे मी पोलादी पट्टीच घेईन. इथे करवंदी, गेळा, बोर यांचे काटे. त्यांना जाड रबर आणि कापडी पट्टी मिळून पुरते, आणि पायाला भुई कळते.

१८ फेब्रुवारी

निर्णय लिहून ठेवते.

दगड आणि खोदाईच्या सगळ्यांना, म्हणजे बहुतेक तुकडीला: २०० ज्यूलची फायबरची टोपी, रुंद फर्मा, कापडी पट्टी, रबरी तळ, घोट्याच्या वर येणारं चामडं. फायबरची टोपी पोलादीपेक्षा जराशी जाड असते, पण हलकी. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनाच्या चार-पाच पट शक्ती खातं. उतारावर दिवसभरात हजारो पावलं पडतात, तिथे प्रत्येक पावलाला वाचलेले शंभर ग्रॅम संध्याकाळी कळतात.

सर्वेक्षणाच्या लोकांना टोपी नको. ते ए-फ्रेम (समतल आखायची ‘A’ आकाराची चौकट) आणि दोरी घेऊन समतल रेषा आखतात, दिवसभर चालतात, दगड उचलत नाहीत. त्यांना घोट्यापर्यंतचे, मऊ रबराचे ट्रेकिंगचे बूट.

सगळ्यांना एकसारखे बूट घ्या, हिशेबाला सोपं पडतं, असं कार्यालयातून सुचवलं होतं. नाही म्हणून कळवलं, कारणांसह.

घोट्याच्या उंचीबद्दल एक गोष्ट. दगड हलवणाऱ्यांना घोणस, फुरसं, मण्यार यांची गाठ पडतेच, आणि सर्पदंश बहुतेक वेळा पावलावर किंवा घोट्याच्या आसपास होतो. चामड्याचा बूट पूर्ण कवच नव्हे, पण उघड्या पावलाच्या मानाने फार मोठा आडोसा आहे.

६ मार्च

माल आला. प्रत्येक जोड उघडून पाहिला: तळावरचा महिना, आयएसआय चिन्ह, त्याखालचा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दोन्ही पायांचा नंबर एकच आहे का, हेही बघितलं. एक जोड पाच-सहाचा मिश्र निघाला, परत पाठवला.

लहान मापं दोन आठवड्यांनी येतील.

७ मार्च

पहिला आठवडा फक्त अर्धा दिवस बूट, उरलेला वेळ आपापली चपल. बूट भिजवून पायावर वाळवायचा जुना उपाय कुणी करू नये असं सांगितलं. त्याने चामडं कडक होतं आणि तळाचा चिकटा ढिला पडतो.

२१ मार्च

मावशींचे जोड आले. जोडव्यांवर त्यांनी स्वतःच उपाय काढला, जुन्या सुती लुगड्याची पट्टी बोटाभोवती एक फेर. टोपीला उंची आहे म्हणून ते जमतं.

दोघांच्या टाचांना फोड. कारण ओळखीचं: रुंद चवडा, अरुंद टाच. चवड्याला बसेल असा बूट टाचेला सैल राहतो. नाडीने हे बरंच आवरतं. वरच्या दोन भोकांमध्ये नाडी समोर न ओलांडता त्याच बाजूला वर घालून छोटा फास करायचा, मग दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून घट्ट करायची. टाच मागच्या भिंतीला चिकटून बसते. चढताना पावलाच्या वरच्या भागावर नाडी थोडी सैल आणि घोट्याला घट्ट, उतरताना पावलावरही घट्ट, म्हणजे बोटं पुढे घसरत नाहीत. आज सकाळी सगळ्यांना बसवून हे शिकवलं. मुकादमांनी दुपारपर्यंत इतरांचे फास तपासायला सुरुवात केली होती.

टाच लाल दिसली की लगेच कागदी चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत थांबायचं नाही. पेटीत पट्ट्या वाढवल्या.

मोजे बदलले. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. ओली कातडी लवकर सोलते. जाडसर मिश्र धाग्याचे आणले, माणशी तीन जोड.

१६ एप्रिल

तिसऱ्या ओघळीत बांधाचा वरचा थर लावताना एक गोटा घरंगळला आणि एका गड्याच्या उजव्या पावलावर आला. टोपीवरच पडला. बोटं शाबूत, नखही नाही गेलं. तो थोडा वेळ बसून राहिला, पाणी प्यायला आणि पुन्हा रांगेत उभा राहिला.

तो जोड बाद केला. टोपीला बाहेरून काही दिसत नाही, पण मोठा मार खाल्लेली टोपी पुढच्या वेळी तेवढाच भार घेईल याची खात्री देता येत नाही. गडी नाराज होता, बूट पायाला रुळला होता नुकता. त्याला त्याच नंबरचा नवा दिला.

घरी जाताना त्याची आई वाटेत भेटली. “पाय राह्यला लेकाचा,” एवढंच म्हणाली. मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

२९ एप्रिल

ऊन फार. दुपारी खडकावर हात ठेववत नाही. बुटात घाम साचतो, ही तक्रार खरी आहे आणि तिला पूर्ण उत्तर नाही. जे करता येतं ते करतोय: कामाची वेळ पहाटे साडेसहापासून, जेवणाच्या सुट्टीत बूट-मोजे काढून आतलं तळ उन्हात, दुपारी दुसरा मोजा. जाळीदार कापडाचे बूट हवेशीर असतात, पण मुरमाची धूळ त्यातून आत जाते आणि करवंदीच्या जाळीत ते फाटतात.

सकाळी बूट उलटा करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. आज एकाच्या बुटातून विंचू पडला, लाल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला म्हणून लाल विंचवाच्या दंशाने जाणारे कितीतरी जीव वाचले. तरी इथून दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

२६ मे

पाऊस आलासुद्धा. मे महिनाभर वळवाने झोडपलंच होतं, आता मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याची बातमी. शेवटचे दोन बांध घाईने बंद केले. उतार एका रात्रीत बदलला: धूळ गेली, चिकट लाल-तपकिरी चिखल आला. खाचांत तो भरला की खोल खाचांचा तळही गुळगुळीत होतो.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यालाही हाच अनुभव आला होता. त्यांच्या जंगल बुटांना आधी व्हिब्राम पद्धतीच्या खाचा होत्या, त्यांत चिखल भरून राही. पुढे पनामा नावाचा तळ आला: खाचा रुंद, तिरक्या, पाऊल वळलं की चिखल आपोआप गळून पडणारा. पुढच्या खरेदीत खाचांची खोली पाहायची तशी त्यांच्यातली मोकळी जागाही पाहायची.

१९ जून

मजूर आवणीच्या (भातलावणीच्या) तयारीला लागले. आता फक्त बांधांची पाहणी, चौघंजण.

झऱ्याजवळच्या शेवाळलेल्या शिळेवर उभं राहून पाहिलं. खोक्यावर घसरणरोधक असं लिहिलेले दोन्ही बूट तिथे घसरले. तो शिक्का खोटा नाही. त्यामागची चाचणी साबणपाण्याच्या फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर होते, शेवाळ धरलेल्या बेसॉल्टवर नव्हे. तेल-उष्णता सोसणारं कडक रबर कारखान्यात चांगलं, ओल्या गुळगुळीत खडकावर ते धरत नाही. मऊ रबराचा ट्रेकिंगचा जोड बराच बरा निघाला, पण तो जांभ्या-मुरमावर लवकर झिजतो. हे दोन गुण एका तळात पूर्णपणे मिळत नाहीत. आणि शेवाळावर कुठल्याच तळाचा भरवसा धरायचा नाही, तिथे काठी आणि वळसा.

पाणी न शिरणाऱ्या पडद्याचे महागडे बूट सर्वेक्षकाने स्वतःच्या खर्चाने आणले होते. घाटघरच्या बाजूचा पाऊस आडवा येतो, गुडघ्यावरून ओघळून बुटात वरूनच उतरतो. मग तोच पडदा पाणी आत धरून ठेवतो आणि बूट दोन दिवस वाळत नाही. इथल्या पावसात पाणी आत येणार हे धरून, ते लवकर बाहेर जाईल आणि लवकर वाळेल असा बूट हवा. सपाट खाचरांत गमबूट उत्तम. उतारावर त्यात टाच डुलते, पाय मुरगळतो.

१६ जुलै

सगळे जोड गोळा करून शाळेच्या खोलीत आणले. चिखल ओल्या फडक्याने पुसला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, बोळे रोज बदलले. चुलीवरच्या माळ्यावर कुणी ठेवू नयेत. तिथल्या धगीने चामडं तडकतं. नीट वाळल्यावर मेणाचं पॉलिश, शिवणीवर जास्त. तरी चार जोडांना पांढरी बुरशी धरली. पुसून वाऱ्यावर टांगले.

११ सप्टेंबर

राजूरला मोचीमामांकडे बसले. ज्या जोडांचे तळ टोकाला उघडले होते ते त्यांनी आरीने कडेने शिवून दिले. चिकटवलेल्या तळाबद्दल त्यांचं मत स्पष्ट: “ताई, चिकटा पावसाळ्यापुरता. टाका घातला का मग बूट आपला.” ते म्हणाले त्यात तथ्य आहे. शिवलेला तळ झिजला की काढून नवा बसवता येतो. साच्यात ओतून जोडलेला तळ गेला की वरचं चांगलं चामडंही टाकावं लागतं. शिवलेले बूट महाग आणि थोडे जड. पण दर दोन वर्षांनी अख्खी तुकडी नव्याने घेण्यापेक्षा, आणि राजूरच्या मोचीला काम मिळेल हे धरता, पुढच्या वेळी निदान पाच-सहा जोड तसे घेऊन पाहीन.

झीज सगळ्यात जास्त कुठे? टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि टोपीवरच्या चामड्याला. गुडघे टेकून दगड लावताना बुटाचं टोक जमिनीवर घासतं. टोपीवर जादा रबरी थर असलेले जोड अजून धड आहेत, बाकीच्यांचं चामडं सोललं आहे.

८ ऑक्टोबर

पुढच्या हंगामाची मागणी पाठवली. यंदा पायांचा रकाना नमुना अंदाजपत्रकातच छापून आला.

मागणीत बदल एवढे: टोपीवर रबरी थर असलेलाच नमुना. खाचा खोल आणि रुंद. तीन व चार नंबर आधी, कारण त्यांना वेळ लागतो. निर्मिती मागणीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आतली. सर्वेक्षणाला पावसासाठी पाणी निचरणारे कापडी बूट, घोट्यापर्यंतचे. शिवलेल्या तळाचे सहा जोड. मोजे माणशी चार. नाड्या जादा.

मावशींनी जुना जोड परत द्यायला नकार दिला. ओवरीत खुंटीला टांगलाय, भात कापणीला घालणार म्हणतात. त्यांच्या नावापुढे ‘जमा नाही’ ऐवजी ‘वापरात’ लिहिलं. त्यांच्या शेजारच्या पाड्यावरच्या सात बायकांनी यंदा मापं देऊन ठेवली आहेत. आकृत्या मागणीला जोडल्या.